तौलनिक साहित्यात एम.ए. : भाचीला कोलकात्याला पाठवावे का?

मेहरूणकाठ

नमस्कार मंडळी. थोडा सल्ला हवा आहे आणि थोडे समजूनही घ्यायचे आहे. माझी भाची अमळनेरला इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तिला 'तौलनिक साहित्य' या विषयात एम.ए. करायचे आहे आणि त्यासाठी कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ तिने मनाशी धरले आहे. माझे मेहुणे रावेर तालुक्यात केळी करतात. त्यांनी विचारले, "तौलनिक म्हणजे नेमके तोलायचे काय?" वेगवेगळ्या भाषांतले साहित्य शेजारी शेजारी ठेवून वाचायचे, असे पोरीने सांगितले. त्यावर ते म्हणाले, "काटा तर आपल्या खळ्यातही आहे, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचे?" सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. आता अर्ज भरायचे दिवस जवळ आले आहेत आणि बहिणीने निर्णय माझ्यावर ढकलला आहे, कारण घराण्यात मास्तर मी एकटाच, तोही गणिताचा.

या विषयात प्रत्यक्ष काय शिकवतात, किती भाषा याव्या लागतात आणि पुढे पोटापाण्याचे काय, एवढे कळले तरी पुरे. माझी स्वतःची एक शंकाही आहे. ज्याला मराठी साहित्य नीट वाचायचे आहे त्याने मराठीत एम.ए. करावे आणि ज्याला इंग्रजी वाचायचे आहे त्याने इंग्रजीत करावे, हे मला समजते. पण या दोहोंच्या मधल्या जागेत राहते कोण?

नवापूर_फलाट

आपण राहतो, नाना. घरात अहिराणी, शाळेत मराठी, सिनेमागृहात हिंदी आणि मामाच्या गावाला सुरतेत गुजराती. आमच्या नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातमध्ये, त्यामुळे मधली जागा म्हणजे काय हे आम्हाला शिकवणीशिवाय येते.

पाटचारी

मी या विषयात एम.ए. केले आहे (जादवपूरला नव्हे, दक्षिणेत), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाव फसवे आहे. दोन कवींना तराजूत घालून थोरला कोण हे ठरवणे हा या विषयाचा उद्योग नाही. साहित्य भाषेची वेस ओलांडते तेव्हा त्याचे काय होते, हा मुख्य प्रश्न आहे. उदाहरण देतो. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्या इंग्रजीवरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये जर्मन अनुवाद केला आणि तो वाचून जर्मन कवी गटे भारावून गेला. म्हणजे गटेपर्यंत पोहोचलेली शकुंतला दोन भाषा बदलून पोहोचली होती. वाटेत तिचे काय गळाले, काय नव्याने चिकटले आणि जर्मन वाचकाला त्या वेळी अशीच शकुंतला का हवी होती, हे शोधायचे झाल्यास केवळ संस्कृतच्या किंवा केवळ जर्मनच्या अभ्यासकाला एकट्याने ते जमत नाही. याच गटेने पुढे १८२७ मध्ये एक चिनी कादंबरी वाचून 'विश्वसाहित्या'चे युग आता येऊ घातले आहे, अशा अर्थाचे विधान केले आणि या विषयाचा इतिहास सांगताना सगळे तिथूनच सुरुवात करतात.

आपल्याकडे १९०७ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांना बंगालच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेत तौलनिक साहित्यावर बोलायला सांगितले होते. त्यांनी विषयाचे नाव स्वतःच बदलून 'विश्वसाहित्य' असे केले. त्याच परिषदेच्या शिक्षणकार्यातून पुढे जादवपूर विद्यापीठ उभे राहिले आणि १९५६ मध्ये बंगाली कवी बुद्धदेव बसू यांनी तिथे तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला. आपल्या देशातला हा या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग. भाचीने उगाच ते नाव धरलेले नाही.

शिकवतात ते थोडक्यात असे : एका साहित्याचा दुसऱ्यावरचा प्रभाव, परकी कृती आपल्याकडे कशी स्वीकारली गेली त्याचा इतिहास, कादंबरी किंवा गझल यांसारखे प्रकार भाषाभाषांतून फिरताना कसे बदलले ते, एकच कथासूत्र अनेक ठिकाणी कसे भेटते ते, आणि या सगळ्याच्या मुळाशी अनुवाद. भाषांचे म्हणाल तर दोन चांगल्या आणि तिसरी कामापुरती, इतकी तयारी असली की माणूस तरून जातो.

भरीत_पार्टी

म्हणजे जळगावचे हिरव्या वांग्याचे भरीत आणि उत्तरेतला बैंगन भर्ता यांचा तौलनिक अभ्यास मी गेली वीस वर्षे विनावेतन करतो आहे. मलाही पदवी मिळावी.

पाटचारी

@भरीत_पार्टी, तुमचे उदाहरण अगदीच टाकाऊ नाही. वांगे भाजून त्याची चव जाणून घ्यायला कोणा शेजाऱ्याने शिकवावे लागत नाही, ती युक्ती दोन गावांना आपापली सुचू शकते. कपाशीच्या काड्यांवर भाजून हिरवी मिरची ठेचून घालण्याची नेमकी रीत मात्र दुसऱ्या कुठे सापडली, तर ती तिथे कोण घेऊन गेले हे विचारावे लागेल. या विषयातले निम्मे वाद याच दोन शक्यतांचे असतात. फ्रेंच परंपरेतले जुने अभ्यासक पुरावा मागत : या लेखकाने ते पुस्तक वाचले होते का, कोणत्या आवृत्तीत वाचले होते. अमेरिकेतल्या अनेकांना ते हिशेबनिसाचे काम वाटे. १९५८ मध्ये रेने वेलेक या समीक्षकाने या विषयावर संकट आले आहे असे म्हटले, ते याच संदर्भात.

आखाजीचा_झोका

मी शिक्षिका आहे, साहित्याची अभ्यासक नव्हे. परंतु हे वाचून माझ्या सासरची एक गोष्ट लिहावीशी वाटली. माझे माहेर धुळ्याचे आणि सासर खरगोनकडचे, म्हणजे मध्य प्रदेशातल्या निमाडातले. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ आणि दागिने लावून तिची स्थापना होते, घरातल्या माणसांच्या हिशेबाने रोटांचे धान्य मोजून घेतात आणि रात्रभर अहिराणी गाणी चालतात. त्या गाण्यांत कानबाईबरोबर 'रानबाई' हे नाव येते. लहानपणी मला ती कानबाईची बहीण वाटायची, कारण आजी तसेच सांगायची.

लग्नानंतर पहिल्या चैत्रात सासरी गणगौर पाहिली. टोपल्यांत गव्हाचे हिरवेगार जवारे, बायकांचा घोळका, निमाडी गाणी. त्या गाण्यांतल्या देवीचे नाव ऐकून मी दचकलेच : रनुबाई. तिचा नवरा धणियर राजा. मी सासूबाईंना विचारले, की ही आमची रानबाई का? त्या म्हणाल्या, "तुमची कशी? ती तर आमची बेटी आहे, माहेरपणाला आली आहे." पुढे शाळेत गुजरातहून बदलून आलेल्या एका बाईंनी सौराष्ट्रातल्या रांदल मातेची माहिती सांगितली, ती सूर्याची पत्नी. तीन नावे, तीन भाषा, तीन वेगळे महिने आणि सगळीकडे गाणाऱ्या बायकाच. हा तुमच्या विषयाचा भाग होऊ शकतो का?

नवापूर_फलाट

ताई, तुम्ही एका परिच्छेदात पीएच.डी.चा विषय दिलात.

मोडी_वाचक

विषय दिला हे खरे. पण उत्तरही मिळाले असे कोणी समजू नये. नावाचे साम्य हा सगळ्यांत निसरडा पुरावा असतो. 'रान' हा शब्द मराठीत स्वतंत्रपणे आहे, तेव्हा रानबाई म्हणजे रानातली देवी, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर देणार? शिवाय नाव एक असून गोष्ट वेगळी असू शकते आणि गोष्ट एक असून नाव वेगळे असू शकते. झोकाताईंनी सांगितलेल्यात मला नावापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. दोन्हीकडे देवीला लेक मानले आहे, तिला माहेरी आणले जाते आणि ठरलेल्या दिवशी पाण्यात निरोप दिला जातो. आपल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गौराईचेही तेच. त्या तिन्ही निरोपांची गाणी शब्दशः उतरवून घेतली आणि कोणती ओळ कुठून कुठे गेली हे तपासले, तर बोलण्याला काही आधार येईल.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात बसून कागद वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. इतिहासाचार्यांच्या नावाने १९२७ पासून ही संस्था उभी आहे आणि तिथे लागलेली एक सवय अशी, की साम्य दिसले की आधी संशय घ्यावा.

पाटचारी

@मोडी_वाचक, तुमचा संशय मान्य. भाचीला पहिल्याच सत्रात हेच शिकवतील.

तवा_चुल्हा

माहेरावरून आठवले. एका कार्यशाळेत आम्हाला जात्यावरच्या ओव्या इंग्रजीत आणायला दिल्या होत्या आणि पहिल्याच ओवीत 'माहेर' या शब्दापाशी सगळा वर्ग अडला. इंग्रजीत त्याला एक शब्द नाही, तीन-चार शब्दांची फोड करावी लागते आणि तोवर ओवीची लय मोडलेली असते. मग बाईंनी इतर भाषांतले शब्द फळ्यावर मांडले. आपले माहेर हे 'मातृगृहा'वरून आलेले, म्हणजे आईचे घर. गुजरातीतले 'पियर' आणि हिंदीतले 'पीहर' हे 'पितृगृहा'वरून, म्हणजे बापाचे घर. बंगालीत तर सरळ 'बापेर बाडी'. तेलुगूत 'पुट्टिल्लु', म्हणजे जन्माचे घर. तमिळमध्ये 'ताय् वीडु', पुन्हा आईचे घर. शेवटचा शब्द फळ्यावर पडला तेव्हा वर्गातल्या दोन मुली चक्क रडत होत्या. आपल्याकडच्या मुली सुरतेला दिल्या जातात, म्हणजे तापीच्या काठाकाठाने जाता जाता आईचे घर बापाचे होते.

यातून कोणता समाज मातृप्रधान होता वगैरे सिद्ध करू नये, हे मोडी_वाचक सांगतीलच, म्हणून मीच सांगून टाकते. पण अनुवाद करताना कोणत्या शब्दापाशी हात थांबतो त्याची नोंद ठेवली, तर दोन्ही भाषांची ओळख नव्याने होते. एकाच भाषेत राहून मला माहेर या शब्दाकडे कधी बघावेसेही वाटले नव्हते.

कोरडवाहू

उदाहरणे रम्य आहेत; परंतु मला विरोधी मत नोंदवायचे आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या एम.ए.ला तौलनिक साहित्याचा एक पेपर होता आणि त्यात फ्रेंच कादंबरी मराठी कादंबरीशी ताडून बघताना वर्गातल्या कोणालाही फ्रेंच येत नव्हते, शिकवणाऱ्यालाही नाही. फ्रेंचचा इंग्रजी अनुवाद वाचायचा, त्याचे मराठी टिपण काढायचे आणि मग 'दोन्हींत एकाकीपणाची जाणीव आढळते' असे लिहून सोळापैकी अकरा गुण घ्यायचे. याला अभ्यास म्हणायचे असेल तर माझी हरकत आहे. ज्याचा एका भाषेत पाय रोवलेला नाही तो दुसऱ्या भाषेत उभा राहील कशाच्या जोरावर? शिवाय ज्या अमेरिकेतून या विषयाचे वारे वाहतात, तिथल्याच गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी २००३ मध्ये या ज्ञानशाखेच्या मृत्यूवर पुस्तक लिहिले. मृत विषयात मुलीला कशाला घालता?

पाटचारी

सर, अकरा गुणांबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. असे पेपर मीही लिहिले आहेत. स्पिव्हाक यांच्याबद्दल मात्र दुरुस्ती करतो. त्यांनी मृत्यू जाहीर केला तो जुन्या, युरोपच्या चार-दोन भाषांत अडकलेल्या विषयाचा. त्यांची मागणी अशी आहे, की ज्या भाषांकडे आजवर केवळ माहितीचे साधन म्हणून पाहिले गेले, त्या आशिया-आफ्रिकेतल्या भाषा सखोल शिकाव्यात आणि त्यांतले साहित्य साहित्य म्हणून वाचावे. म्हणजे तुमची तक्रार आणि त्यांची तक्रार एकच आहे.

कोरडवाहू

तसे असेल तर ते पुस्तक मी नावावरून वाचले होते, हे कबूल करतो. अनुवादावरून वाचण्याबद्दलची हरकत मात्र मागे घेत नाही.

असीरगडचा_वाटसरू

थोडे विषयांतर करतो, पण फार लांब जाणार नाही. ज्या खान्देशाबद्दल आपण बोलतो आहोत, त्याची राजधानी कधीकाळी बुऱ्हाणपूर होती, हे आपण नकाशावर राज्याची रेघ ओढल्यावर विसरलो. त्या बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे कवी रहीम, वर्षानुवर्षे राहिला. शाळेत आपण त्याचे दोहे हिंदीच्या पेपरापुरते पाठ केले. पण याच माणसाने १५८९ च्या सुमारास बाबराच्या आठवणी तुर्कीतून फारसीत आणल्या, ब्रजमध्ये कविता केली आणि 'मदनाष्टका'त एकाच श्लोकात संस्कृत आणि खडी बोली एकत्र नांदवली. त्याला कोणत्या विभागात बसवणार? हिंदीवाले अर्धा घेतात, फारसीवाले पाव, उरलेला पाव इतिहासाच्या खात्यात.

अमळनेरचेच बघायचे तर तिथे साने गुरुजी शिक्षक होते. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात त्यांना दाक्षिणात्य सत्याग्रहींचा सहवास मिळाला, पुढे त्यांनी तमिळ 'कुरल' मराठीत आणले आणि भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली. भाचीच्या वडिलांना हे सांगा. त्यांच्या शेजारच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचे गुरुदेव टागोर अध्यासन सांभाळले होते, हेही सांगा. केळीच्या पट्ट्याला हा विषय काही परका नाही.

बांधावरून

नेमाडे आणि साने गुरुजी यांची नावे घेऊन पोट भरत नाही, म्हणून नोकरीचे मी लिहितो. माझी पदवी याच विषयातली आहे. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला 'तौलनिक साहित्य' हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ७२. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर सध्याच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार मिळतात, म्हणजे संशोधनाच्या काळापुरती घराला झळ लागत नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

आपल्या भागातल्या एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, मी इंग्रजीच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. पात्रतेत 'संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी' असे लिहिलेले असते. समितीतल्या एका गृहस्थांनी माझे प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "हे इंग्रजी नाही." मग मी त्याच संस्थेत मराठीच्या जागेसाठी गेलो. तिथे दुसरे गृहस्थ म्हणाले, "हे मराठी नाही." माझा प्रबंध मराठी आणि इंग्रजी आत्मचरित्रांवर होता. दोन्ही दालने एकाच मजल्यावर होती, एवढाच काय तो फायदा झाला. शेवटी मी बाहेरून इंग्रजीत दुसरे एम.ए. केले, तेव्हा कुठे माझे काम मार्गी लागले. भाचीने जरूर जावे. पण हे माहीत असून जावे. पहिल्या वर्षापासून अनुवादाची कामे घ्यावीत, कारण भाषा जाणणाऱ्याला ती मिळत राहतात, आणि पुढेमागे एका भाषेची स्वतंत्र पदवी हाताशी ठेवावी.

भरीत_पार्टी

विनोद बाजूला ठेवून विचारतो. बांधावरून भाऊ, परत निवड करायची वेळ आली तर हाच विषय घ्याल का?

बांधावरून

घेईन, पण मुलाखतीला जाताना दोन्ही प्रमाणपत्रे नेईन.

मेहरूणकाठ

आठवडाभर उत्तर देऊ शकलो नाही, क्षमस्व. सगळा धागा छापून बहिणीकडे नेला आणि जेवणानंतर ओसरीवर वाचून दाखवला. मेहुणे नोकरीच्या मजकुरापर्यंत मोबाईलवर केळीचे भाव बघत होते. बांधावरून यांचे दोन दालनांचे प्रकरण आले तेव्हा त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाले, "हा माणूस खरे बोलतो आहे, याचे पुन्हा वाच." माहेराचा परिच्छेद मात्र बहिणीने परत वाचायला लावला आणि मधेच उठून आत गेली. जायला परवानगी मिळाली आहे. भुसावळहून हावड्याला थेट गाडी आहे, हा मुद्दा मेहुण्यांच्या लेखी रवींद्रनाथांपेक्षा वजनदार ठरला. दोन वर्षांत दुसरी पदवीही बघायची, हे पोरीने कबूल केले आहे.

आता तिचा प्रश्न आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी येते. चौथी-पाचवी भाषा कोणती धरावी? बंगाली तिथे राहून येईलच, असे ती म्हणते.

पाटचारी

बंगाली येईल. दुसरी म्हणून मी भिलीचा एखादा प्रकार किंवा पावरी, म्हणजे सातपुड्यातल्या आदिवासींची भाषा, सुचवेन. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला ती बोलणारी माणसे आहेत आणि आपल्याकडच्या किती जणांनी त्यांची कथागीते शब्द कळून ऐकली आहेत? गुजरातेत खेडब्रह्मा भागात भगवानदास पटेल यांनी डुंगरी भिलांचे 'भारथ' गायकांकडून ऐकून उतरवून घेतले, तेव्हा महाभारताची पात्रे तिथल्या डोंगरांत वेगळ्याच स्वभावाची होऊन राहिलेली सापडली. आपल्या सातपुड्यात काय आहे, ते भाषा शिकल्याशिवाय कसे कळणार?

कोरडवाहू

याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. अनुवादावरून नव्हे, मुळातून वाचा. आणि जिथे लिहिलेलेच नाही तिथे मुळातून ऐका.

आखाजीचा_झोका

सुट्टीत ती खरगोनला आली तर सासूबाईंकडची गणगौरीची गाणी उतरवून घेता येतील. राहण्या-जेवणाची सोय माझ्याकडे.

मेहरूणकाठ

ताई, तिला कळवले आहे, तिने लगेच वही काढली. आणखी एक बारीकशी अडचण आहे. अर्जात 'मातृभाषा' असा रकाना आहे. माझी बहीण म्हणते मराठी लिही, मेहुणे म्हणतात आपण घरात बोलतो ते लिही. काय लिहावे?

मोडी_वाचक

भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खान्देशी, म्हणजे आपली अहिराणी, मराठीत न धरता भिली भाषांबरोबर धरली आणि तेव्हापासून आपल्याकडचे विद्वान त्यावर भांडत आहेत. 'कसा शेस?' यातल्या 'शे'चे नाते मराठीच्या 'आहे'पेक्षा गुजरातीच्या 'छे'शी जवळचे दिसते, हे एका बाजूचे म्हणणे. बाकीची मराठी ठेवण दुसऱ्या बाजूच्या कामाची. मी दोन्ही बाजूंचे कागद वाचले आहेत आणि अजून ठरवलेले नाही.

नवापूर_फलाट

२०११ च्या जनगणनेत खान्देशी स्वतंत्र भाषा म्हणून मोजली आहे आणि ती बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर आहेत. मेहुणे बरोबर सांगतात. अहिराणी लिहायला सांगा.

मेहरूणकाठ

लिहिले. शेजारच्या 'अवगत भाषा' या रकान्यात मराठी पहिली टाकली आहे, बहिणीच्या समाधानासाठी.